पूर्णा नेमकी कोणती? एकाच नावाच्या नद्या वेगळ्या ओळखण्याची रीत

माझी आत्या अकोल्याहून अकोटकडे जाताना लागणाऱ्या गांधीग्रामच्या परिसरातल्या एका खेड्यात राहते. शेत पूर्णेच्या काठावर. एका ऑगस्टमध्ये रात्री नऊच्या सुमारास तिच्या फोनवर फिरता निरोप आला: 'पूर्णा प्रकल्पाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांनी सावध राहावे.' तिने आणि भावांनी त्या रात्री पावसात दोन म्हशी आणि धान्याची पोती गावातल्या उंचावरच्या घरी नेली. सकाळी कळलं की तो निरोप परभणी-हिंगोलीकडच्या पूर्णेचा होता. येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं पाणी आत्याच्या नदीत कधीच येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसाच निरोप आला. या वेळी ती म्हणाली, "तिकडलंच असंल." पण हा निरोप विश्रोळीच्या धरणाचा होता. अमरावती जिल्ह्यात चांदूरबाजार तालुक्यात असलेलं हे धरण आत्याच्याच पूर्णेवर आहे, वरच्या अंगाला. काठावरचा मोटारपंप वाहून गेला. दोन्ही निरोपांत शब्द अगदी तेच होते, 'पूर्णा प्रकल्प'. दोन्ही खरे होते.

तेव्हापासून मी नदीचं नाव ऐकलं की आधी एकच विचारतो: ही शेवटी जाते कुठे? नाव दहा नद्यांना असू शकतं, संगम मात्र एकीचाच असतो. हा प्रश्न सोडवण्याची माझी रीत इथे पायरीपायरीने देतो. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना, भूगोल शिकवणाऱ्यांना, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ती उपयोगी पडेलच, पण नदीकाठी राहणाऱ्यांना तिची गरज सगळ्यांत जास्त आहे.

पहिली पायरी: नाव लोक म्हणतात तसंच टिपा

कागदावरच्या नावाआधी काठावरचं नाव घ्या. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, देऊळगाव राजाकडे, नुसतं 'पूर्णा' म्हणत नाहीत, 'खडकपूर्णा' म्हणतात. हा खडक शब्द किती कामाचा आहे ते पुढे दिसेल. अकोल्यात 'काटेपूर्णा' म्हणतात ती आणखी वेगळी नदी. ती वाशिमकडून येते, महानच्या धरणात तिचं पाणी अडवलं आहे, अकोला शहर ते पितं, आणि पुढे ती मोठ्या पूर्णेला मिळते. घाईत 'काटे' गळून पडलं की बातमीतली नदीच बदलते.

एका अक्षराच्या फरकाकडेही लक्ष द्या. महाबळेश्वरहून साताऱ्याकडे येणारी, कण्हेर धरणाची आणि संगम माहुलीला कृष्णेत मिसळणारी ती वेण्णा. नागपूरकडून येऊन हिंगणघाटावरून जाणारी आणि वर्धा नदीला मिळणारी ती वेणा. मराठीत दोन्ही वेगळ्या लिहिल्या जातात, पण रोमन लिपीतल्या पाटीवरून परत मराठीत आणताना अनेकदा एकीचं नाव दुसरीला चिकटतं. अकोला शहरातून जाणारी मोर्णा, शिराळ्याकडची वारणेला मिळणारी मोरणा आणि पाटणची कोयनेला मिळणारी मोरणा यांचंही तसंच.

दुसरी पायरी: उगम नंतर, आधी संगम

शाळेत आपल्याला नदी उगमापासून शिकवतात. ओळख पटवायची असेल तर मात्र उलटं करा. उगमाबद्दल गावोगाव वेगळी मतं असतात. एका डोंगरातून चार झरे निघतात आणि प्रत्येक गाव आपलाच झरा मूळ मानतं. संगमाबद्दल असा वाद सहसा होत नाही. तिथे देऊळ असतं, घाट असतो, दशक्रियेला आणि पर्वणीला माणसं येतात.

पूर्णेचंच बघू. विदर्भातली पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात भैसदेही भागात उगम पावते. तापीचा उगमही याच जिल्ह्यात, मुलताईला. दोघी वेगवेगळ्या वाटांनी निघतात आणि जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेव गावी भेटतात. चांगदेवाचं जुनं देऊळ या संगमावरच आहे आणि हतनूर धरणाचा फुगवटा तिथवर येतो. पूर्णा ही तापीची सर्वांत मोठी उपनदी. हतनूरचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा त्या पाण्यात बैतूलचा, अमरावतीचा, अकोल्याचा आणि बुलढाण्याच्या उत्तर भागाचा पाऊस एकत्र आलेला असतो. पुढे उकाई, सुरत, आणि अरबी समुद्र.

मराठवाड्यातली पूर्णा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. जालना, बुलढाण्याचा दक्षिण भाग, परभणी, हिंगोली असा तिचा प्रवास. जिंतूर तालुक्यात येलदरी, त्याखाली सिद्धेश्वर, मग वसमतचा भाग, मग जिच्या नावावरून तालुका आणि रेल्वे जंक्शन ओळखलं जातं ते पूर्णा गाव. तिथून खाली कंठेश्वरजवळ ती गोदावरीत जाते. पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं.

म्हणजे 'पूर्णा ही कोणत्या नदीची उपनदी?' या परीक्षेतल्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत. तापी आणि गोदावरी हे दोन्ही पर्याय दिलेले असतील तर प्रश्नच अपुरा आहे आणि मुलांनी तसं बोलून दाखवायला हरकत नाही.

तिसरी पूर्णा गुजरातची. डांगच्या जंगलातून, महालच्या अभयारण्यातून वाहत ती नवसारी शहराला लागते आणि थेट अरबी समुद्राला मिळते. तिला मध्ये कोणतीच मोठी नदी लागत नाही. २०२२ च्या जुलैत नवसारीत पूर आला होता तो हिचा. आणि दूर केरळात, आदी शंकराचार्यांच्या कालडी गावाजवळून वाहणाऱ्या पेरियारलाही पूर्णा म्हणत आले आहेत.

संगम कसा शोधावा? ऑनलाइन नकाशावर आपल्या गावाजवळची निळी रेघ धरा आणि पाण्याच्या दिशेने बोट सरकवत जा. रेघेवर लिहिलेल्या नावावर विसंबू नका, नावं चुकीच्या ओढ्यावरही बसलेली असतात. रेघ मात्र कुठे मिसळते ते दाखवते. अधिक नेमकं हवं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे पाहावेत. त्यांत सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात, त्यामुळे उतार कुठे आहे ते कळतं. इस्रोचं 'भुवन' हे संकेतस्थळही चांगलं आहे.

पुलावर उभे असाल तर याहून सोपी युक्ती आहे. सकाळी उगवत्या सूर्याकडे पाठ करून उभे राहा. पाणी तुमच्यासमोर, पश्चिमेकडे जात असेल तर वऱ्हाडात ती तापीकडची पूर्णा. नदी वळणं घेते, म्हणून एका पुलावरून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन पूल बघा.

तिसरी पायरी: पाणी दुभंगतं ती रेघ शोधा

'बुलढाणा जिल्ह्यातली पूर्णा' असं लिहिलं की काम झालं असं वाटतं. होत नाही. बुलढाणा जिल्ह्यात दोन्ही पूर्णा आहेत. नांदुरा तालुक्यातला जिगाव प्रकल्प तापीकडच्या पूर्णेवर, तर देऊळगाव राजा तालुक्यातला खडकपूर्णा प्रकल्प गोदावरीकडच्या पूर्णेवर. एकाच जिल्ह्यात, एकाच नावाच्या नद्यांवर, दोन मोठी धरणं.

बुलढाण्याच्या माणसांनी हा गुंता भाषेतच सोडवून ठेवला आहे. ते म्हणतात 'घाटावर' आणि 'घाटाखाली'. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूरहून मोताळ्यामार्गे बुलढाण्याला चढताना राजूर घाट लागतो. जुन्या काळी वऱ्हाडाचे पयनघाट आणि बालाघाट असे दोन भाग सांगत, तो भेद हाच.

घाटावरच्या या पठारावर पडलेल्या पावसाचं काय होतं ते सावकाश समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथेच उलगडते. कड्यावरून उत्तरेला उतरलेलं पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्यातून पूर्णेत, तिच्यातून तापीत, आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडे घरंगळलेलं पाणी खडकपूर्णेत आणि मग गोदावरीत. याच पठारावरून पैनगंगाही निघते, ती वर्धा आणि प्राणहितेच्या वाटेने त्याच गोदावरीला गाठते. दोन शेजारच्या शेतांचे बांध लागून असतील, पण एकाचं पाणी गुजरातेत आणि दुसऱ्याचं आंध्रात जात असेल. एक पूर्णा पश्चिमेला, दुसरी आग्नेयेला, आणि मधे हा अजिंठ्याचा डोंगर.

म्हणून जिल्हा सांगू नका, तालुका सांगा.

चौथी पायरी: धरणाची बातमी वाचताना चार गोष्टी विचारा

धरण कोणत्या तालुक्यात? त्याच्या खाली पुढचं धरण कोणतं? विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट)? आणि नदी कोणत्या खोऱ्यातली?

राज्यात पाटबंधारे विकास महामंडळं पाच आहेत: कृष्णा खोरे, तापी, गोदावरी मराठवाडा, विदर्भ आणि कोकण. बातमीखाली महामंडळाचं किंवा विभागाचं नाव असेल तर अर्धं काम होतं. अर्धंच, कारण विदर्भ महामंडळाच्या हद्दीत दोन्ही खोरी येतात. जलसंपदा विभागाचा रोजचा पाणीसाठा अहवाल धरणनिहाय असतो. त्यात आपल्या वरच्या अंगाची दोन-तीन धरणं एकदा शोधून नावं वहीत लिहून ठेवली की पावसाळाभर पुरतात. आत्याच्या वहीत आता विश्रोळी, काटेपूर्णा (महान) अशी नावं आहेत, आणि शेवटी ठळक अक्षरांत: 'येलदरी आपली नाही'. काटेपूर्णेचा संगम गावाच्या वर आहे की खाली, हेही तिने लिहून घेतलं. तुम्हीही उपनद्यांबाबत ते पाहा. संगम आपल्या खाली असेल तर त्या धरणाचं पाणी आपल्यापर्यंत सरळ येत नाही, पण मोठा पूर असला की तुंब मात्र वर चढू शकते.

निरोप पुढे पाठवणाऱ्यांनी तर ही सवय लावून घ्यायलाच हवी. 'पूर्णेला पूर' इतकंच पाठवू नका. 'येलदरी धरण, ता. जिंतूर, खाली वसमत आणि पूर्णा तालुका' असं लिहा. दहा शब्द जास्त टाइप होतात आणि कुणाची तरी रात्र वाचते.

पाचवी पायरी: नदी त्या मुलखाला काय देते ते पाहा

नकाशा नसेल तेव्हा माती आणि विहीर नदी ओळखून देतात.

तापीकडच्या पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. नदीने आणून टाकलेल्या गाळाचे खोल थर, वर काळी कसदार जमीन, आणि खाली खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते ना पिण्याचं ना ओलिताचं. ते शेतात सोडत राहिलं तर जमीन चिबडते. म्हणून इथली शेती पावसावर आणि मातीत मुरलेल्या ओलीवर: कापूस, तूर, मूग, मागून हरभरा. पिण्याचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळाने आणावं लागतं. वान धरणावरची ८४ खेडी योजना अकोट-तेल्हारा भागात सगळ्यांच्या तोंडी आहे. एवढी मोठी नदी दारातून जाते आणि बायकांना गोड्या पाण्यासाठी नळाच्या वाराची वाट बघावी लागते. हे मी लहानपणापासून पाहिलं आहे आणि ते मला अजूनही सोसत नाही.

मराठवाड्याच्या पूर्णेची गोष्ट कालव्याची. येलदरीची साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, तिथे २२.५ मेगावॅटचं वीजघर आहे. सिद्धेश्वरच्या कालव्यांवर परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांतलं ओलीत उभं आहे. येलदरी भरलं की वसमतकडे हळद आणि ऊस यांचा हिशेब बदलतो. त्यामुळे 'पूर्णा भरली' ही बातमी एका मुलखात भीतीची असते, तर दुसऱ्या मुलखात पेढे वाटण्याची.

नवसारीच्या पूर्णेचा प्रश्न आणखी निराळा. डोंगरातून लहान अंतरात समुद्र गाठणारी नदी. डांगात मुसळधार झाली की शहराला सावरायला फार वेळ मिळत नाही, त्यात भरतीची वेळ असेल तर पाणी उतरतही नाही.

आता हीच रीत इतर नद्यांना लावून बघा

मुळा घ्या. पुण्याची मुळा मुळशीकडून येते, शहरात मुठेला भेटते, मुळामुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तिचं पाणी उजनीत जातं. अहिल्यानगरची मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते, राहुरी तालुक्यात तिच्यावर २६ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण आहे, ती प्रवरेला आणि प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. 'मुळेचं पाणी खाली सोडा' ही मागणी ऐकली तर ती जायकवाडीसाठी असते, म्हणजे नगरच्या मुळेची. 'मुळेचं प्रदूषण' ही तक्रार बहुधा पुण्याची. दोघींचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जातं, पण एक कृष्णेच्या खोऱ्यातून आणि दुसरी गोदावरीच्या. वाटपाचे नियम आणि वाद खोऱ्यागणिक वेगळे आहेत, त्यामुळे समुद्र एक असून भागत नाही.

कुंडलिका तर तीन आहेत. रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला जाणारी रायगडची. जालना शहराची, घाणेवाडीच्या तलावाची, दुधनेला मिळणारी. आणि बीड जिल्ह्यातली, सिंदफणेला मिळणारी. जालन्याची कुंडलिका दुधनेत, दुधना पूर्णेत, पूर्णा गोदावरीत. आत्याला घाबरवणाऱ्या त्या दुसऱ्या पूर्णेत जालन्याचंही पाणी असतं.

रायगडच्या कुंडलिकेत एक गंमत दडलेली आहे, ती मला फार आवडते. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली उतरवून भिरा इथे वीज करतात आणि ते कुंडलिकेत सोडतात. कोलाडला राफ्टिंग चालतं ते या सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे पुण्याच्या मुळेचं पाणी, जे निसर्गाने पूर्वेला पाठवलं होतं, ते माणसाने पश्चिमेला वळवलं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते. संगम शोधताना असे वळवलेले प्रवाहही तपासावे लागतात.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात. बोरी: अमळनेरची तापीला, नळदुर्गची भीमेला. नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल दुसरीच्या पाण्यावर. अरुणावती: शिरपूरची तापीला, यवतमाळची पैनगंगेला. वाण (किंवा वान): तेल्हाऱ्याकडची पूर्णेला, परळीला पाणी देणाऱ्या नागापूर धरणाची गोदावरीला. भोगावती: राधानगरीची पंचगंगेत, पेणची खाडीत, बार्शीकडची सीनेत.

सहावी पायरी: उलटा गुंता विसरू नका

एका नावाच्या अनेक नद्या असतात, तशी एकाच नदीला अनेक नावंही असतात. पंढरपुरात भीमा चंद्रभागा होते, कारण तिथे ती चंद्रकोरीसारखं वळण घेते. दर्यापूरची चंद्रभागा मात्र स्वतंत्र नदी, ती विदर्भातल्या पूर्णेला मिळते. आणि चिनाबचंही जुनं नाव चंद्रभागाच. बेळगावकडून येणारी म्हादई गोव्यात खाली मांडवी होते, पण जुन्नर तालुक्यातल्या ओतूरची मांडवी भीमेच्या खोऱ्यातली.

सर्वांत मोठा घोळ 'गंगा' या नावाचा. नाशकात माणूस 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो तेव्हा तो गोदावरीवर जातो. मराठवाड्यात गोदाकाठाला गंगथडी म्हणतात. जुन्या दस्तऐवजात, ओवीत किंवा आजीच्या बोलण्यात गंगा आली तर वाराणसी गाठण्याआधी पैठण आठवा. श्रद्धेने दिलेलं नाव खोटं नसतं, फक्त ते नकाशावर ठेवताना गाव विचारावं लागतं.

सातवी पायरी: नदीचं कार्ड लिहा

एक नदी, एक पोस्टकार्डाएवढा कागद. आत्याच्या भिंतीवर आहे ते असं:

नाव: पूर्णा. ओळख: तापीची पूर्णा, घाटाखालची.
उगम: बैतूल जिल्हा, भैसदेही भाग.
संगम: चांगदेव, ता. मुक्ताईनगर, तापीशी.
समुद्र: अरबी.
आपल्या वरचं धरण: विश्रोळी, ता. चांदूरबाजार.
आपल्या खालचं: जिगाव, मग तापीवर हतनूर.
हिच्याशी घोळ होणाऱ्या: काटेपूर्णा, खडकपूर्णा, येलदरीची पूर्णा, नवसारीची पूर्णा.

कार्ड लिहिताना गावातल्या वयस्क माणसांना जवळ बसवा. माझ्या आत्याच्या कार्डावर शेवटची ओळ शेजारच्या आजींनी घालायला लावली, ती कोणत्याही नकाशात नव्हती: नदीकाठच्या महादेवाच्या पायरीला पाणी लागलं की खालच्या शेतातले पंप काढायचे.

गेल्या पावसाळ्यात पायरीला पाणी लागलं, फोनवर कसलाच निरोप नव्हता, आणि पंप वेळेत निघाले.